मराठींतील स्थापत्यशिक्षणाचा आरंभ

हिंदुस्थानांतील स्थापत्यशिक्षणाचा विषय निघाला कीं १८४७ सालच्या रुडकीचें नांव प्रथम येतें. परंतु त्यापूर्वींच, १८२३ सालीं, मुंबईंत मोजणी व बांधकाम यांकरितां माणसें तयार करणारी सरकारी संस्था निघाली होती. तिचे चालक कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं शास्त्रीमंडळींच्या साह्यानें गणिताचे पाठ्यग्रंथ मराठींत सिद्ध केले. अर्थात् देशभाषा ही या विद्येस अडचण होय, असें प्रारंभीं मानलें गेलें नव्हतें.

पुढें १८५४ सालीं पुण्यास एंजिनिअरिंगचा वर्ग व मेकॅनिकल स्कूल स्थापन झालें. १८६६ सालीं तें मुंबई विद्यापीठास जोडलें गेलें. पदवीचा मान मिळाला. पण पदवीची भाषा इंग्रजी, आणि मूळ हेतु बांधकाम खात्यास दुय्यम अंमलदार पुरविण्याचा. इंग्रजी न येणाऱ्या कुशल कारागिरास तो मार्ग बंदच राहिला. १८९० सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें निघालेल्या कलाभवनांत त्रिभुवनदास गज्जर यांनीं देशभाषेंतून शिक्षण देऊन ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला.

आज मराठींतून अभियांत्रिकी शिकविण्याचा विचार होतो, तेव्हां परिभाषेचा प्रश्न जणूं नवाच म्हणून पुढें येतो. म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, बखरी व सनदा शोधतांना जुनीं शिळाछाप गणितें आणि मोजणीच्या वह्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. तीही इतिहासाचीं साधनेंच होत.