धूळपाटीपासून निबंधापर्यंत : कावेरीकाठचे लेखनशिक्षण

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा विचार करताना आपले अभ्यासक बहुधा सरस्वती महालाच्या दाराशी येऊन थांबतात. राजांनी रचिलेली नाटके, ग्रंथांचा अमोल संग्रह, बृहदीश्वराच्या प्राकारावरील प्रचंड शिलालेख यांची गणना झाली की विषय संपला असे मानण्याची रीत पडून गेली आहे. त्या वैभवाविषयी आदर बाळगूनही एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. त्या मुलखात मराठी लिहावयास कोणाला, कसे व कशासाठी शिकवीत असत? जी भाषा जवळजवळ दोन शतके दरबारात नांदली, तिची लेखणी राज्य जाताच इतक्या लवकर का वाळली, याचे उत्तर ग्रंथसंग्रहापेक्षा या प्रश्नात अधिक सापडण्याजोगे आहे.

कुंभकोणम्‌हून कारैक्कालकडे जाणाऱ्या वाटेवर, आडुतुरैच्या नजीक, तिरुनीलक्कुडी नावाचे गाव आहे. तेथील नीलकंठेश्वराचे स्तवन सातव्या शतकात अप्परांनी केले. आपल्याला दगडाला बांधून समुद्रात लोटण्यात आले असता नामोच्चाराने आपण तरलो, या प्रसंगाचे स्मरण त्यांनी याच क्षेत्राच्या पदिगमात केले आहे. गावातल्या मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वीच तेराशे वर्षांचे वाङ्मय त्याच्या कानावर पडत असे, हे विसरता कामा नये. येथून जवळच तिरुविडैमरुदूर, म्हणजे मराठी दरबाराचे मध्यार्जुन. १७९८ मध्ये गादीवरून दूर झाल्यावर अमरसिंह तेथेच येऊन राहिला. सारांश, काही कोसांच्या टापूत ताडपत्रावर चालणारी लोखंडी लेखणी आणि कागदावर धावणारा मोडीचा बोरू अशी दोन साधने एकाच काळी चालू होती.

पहिल्या साधनाचे शिक्षण ओटीवरच्या, म्हणजे ‘तिण्णै’च्या शाळेत होई. विजयादशमीला अक्षरारंभ, मग वाळूत बोटाने अक्षरे गिरविणे, हात बसला की ताडपत्र. अक्षरांबरोबरच अपूर्णांकांची पाठांतरे आणि नीतिवचने. मोठा मुलगा लहानांकडून धडा म्हणवून घेई. त्याला ‘सट्टांपिळ्ळै’ म्हणत. आपल्याकडील पंतोजीच्या शाळेतील धूळपाटी व धुळाक्षरे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यात परके काहीच वाटणार नाही. परक्यांना मात्र नवल वाटले. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी अशाच एका देशी शाळेत मुले वाळूत लिहिताना पाहिली, ती रीत आपल्या शाळेत आणली, मुलांकडून मुलांना शिकविण्याची योजना तिच्याशी जोडली, आणि १७९७ मध्ये लंडनला तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडात ‘मद्रास पद्धती’ म्हणून तिचा गाजावाजा झाला. आमची धूळ विलायतेला जाऊन शास्त्र होऊन आली, एवढे येथे नमूद करून पुढे जाऊ.

धुळाक्षरे म्हणजे लेखन नव्हे. ती लेखनाची केवळ पूर्वतयारी. स्वतःचे वाक्य, स्वतःची रचना शिकविण्याचे ठिकाण वेगळे होते, ते म्हणजे गुरुगृह. उ. वे. स्वामिनाथ अय्यर (जन्म १८५५) यांनी आपल्या आत्मचरित्रात त्याचे जे वर्णन केले आहे, त्याच्या तोडीचे लेखनशिक्षणाचे साक्षीदार भारतीय भाषांत थोडे असतील. त्यांचे गुरू महाविद्वान मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै स्थलपुराणे रचीत, शिष्य ती ताडपत्रावर उतरून घेई. पद्य कसे जुळते, अडलेला चरण कसा सुटतो, कोणता शब्द का टाकिला गेला, हे शिष्याच्या डोळ्यांदेखत घडे. रचनेचे नियम पुस्तकातून सांगण्याऐवजी रचना होत असतानाच ती दाखवावयाची, अशी ही पद्धती होती. तिच्यात दोष होते. गद्य तिला जवळजवळ अपरिचित होते आणि गुरूच्या छायेबाहेर पडण्यास ती उत्तेजन देत नसे. तथापि विद्यार्थी हा भावी रचनाकार आहे हे तिने गृहीत धरिले होते. हे गृहीतच मला महत्त्वाचे वाटते.

मराठी बोरूचे शिक्षण निराळ्या हेतूने चाले. मायना कसा घालावा, कोणास कोणता किताब लिहावा, जमाखर्च कसा मांडावा, हे मेस्तकांतून व वडीलधाऱ्या कारकुनाच्या हाताखाली शिकावयाचे. अक्षर वळणदार व वेगवान असावे, मजकूर ठरलेला असावा. महाराष्ट्रातही हेच होते. परंतु तंजावरात भोवतालची बोलभाषा तमिळ असल्यामुळे मराठी लेखन दफ्तराशी अधिकच जखडले गेले. दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८–१८३२) यांनी ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला, असे म्हणता येईल. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेल्यावर त्यांनी आपली बुद्धी विद्येकडे वळविली. त्यांनी नवविद्याकलानिधिशाळा स्थापिली. १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र देवनागरीत दगडावर कोरविले. पाठोपाठ देवनागरी मुद्रणाची सोय केली व १८०६ मध्ये इसापच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर छापविले. त्यांच्या ‘देवेंद्र कोरवंजी’त भविष्य सांगणारी कोरवंजी पृथ्वीवरील खंडांचा भूगोल सांगते! मुलांच्या हाती छापील मराठी गद्य देण्याची ही कल्पना मुंबई-पुण्याच्या शाळाखात्यापेक्षा कितीतरी आधीची आहे.

मग या भूमीत मराठी गद्यकार का निपजला नाही? महाराष्ट्रापासूनचे अंतर, मराठी घरांची तुटपुंजी संख्या ही कारणे नेहमी दिली जातात व ती खरीही आहेत. पण छापखाना होता, ग्रंथालय होते, राजा स्वतः लेखक होता. तरीही राजाबाहेरच्या, दफ्तराबाहेरच्या माणसाने मराठीत काही लिहावे अशी मागणी करणारी संस्था उभी राहिली नाही. ‘बालबोध मुक्तावली’ मुलाला वाचावयास देण्यात आली. त्यावरून त्याने दुसरी गोष्ट लिहावी असे कोणी म्हटल्याची खूण दिसत नाही. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले, संस्थान खालसा झाले, दफ्तराला काम उरले नाही, आणि दफ्तरावर पोसलेली लेखणी त्याबरोबर गेली. तमिळ विद्या मठांवर व गुरुगृहांवर उभी होती, म्हणून तिचे आसन ढळले नाही.

मराठी घरांतील बुद्धी मात्र स्वस्थ बसली नाही. तिने भाषा बदलली. राजा सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणम् येथेच एका तंजावरी मराठी घराण्यात जन्मले, मद्रासला पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकले, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झाले. बडोद्यास तरुण सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराचे धडे देण्यासाठी त्यांनी जी व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने १८८१ मध्ये पुस्तकरूप झाली. देणाराही मराठी, घेणाराही मराठी; ग्रंथ इंग्रजी! माधवरावांना दोष देण्याचे कारण नाही. विचारांची मांडणी करावयास ज्या भाषेत शिकविले, त्याच भाषेत मनुष्य विचार मांडतो.

कुंभकोणम्‌ला १८५४ मध्ये निघालेली सरकारी शाळा पुढे महाविद्यालय झाली व ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणून नावाजली. १८८० मध्ये स्वामिनाथ अय्यर तेथे तमिळ पंडित म्हणून आले आणि तेथे असतानाच, १८८७ मध्ये, ‘जीवकचिंतामणी’ची त्यांची आवृत्ती प्रसिद्ध झाली. एकाच इमारतीत लेखनाच्या दोन परंपरा नांदत होत्या. पण ज्यावर वरच्या वर्गाचे दार उघडे ती इंग्रजी निबंधाची होती. १९०३ मध्ये अय्यर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. पुढच्याच वर्षी श्रीनिवास रामानुजन् कुंभकोणम्‌च्या टाऊन हायस्कूलमधून शिष्यवृत्ती घेऊन या महाविद्यालयात आले, इंग्रजी निबंधलेखनात नापास झाले, आणि शिष्यवृत्ती गमावून बसले. ही कथा परीक्षकांची थट्टा करण्यासाठी सांगितली जाते. ते मला वरवरचे वाटते. गणित्याला लिहिता आले पाहिजे, ही अपेक्षा गैर नव्हती. याच रामानुजनना १९१३ मध्ये हार्डी यांना पत्र लिहूनच स्वतःची ओळख करून द्यावी लागली. गैर होते ते असे की परक्या भाषेतील ठराविक विषयावरचा ठराविक निबंध हेच लिहिता येण्याचे एकमेव प्रमाण ठरले होते. मेस्तकातला मायना आणि परीक्षेतला निबंध यांत या दृष्टीने फारसा भेद नाही. दोन्हींत मजकूर दुसऱ्याचा, वळण दुसऱ्याचे. लिहिणाऱ्याने फक्त चुकावयाचे नाही.

महाराष्ट्रात तरी काय घडले? मुंबई विद्यापीठाने १८६० नंतरच्या दशकात देशी भाषांना वरच्या परीक्षांतून बाहेर काढले, आणि त्या परत आणविण्यासाठी न्यायमूर्ती रानडे अखेरपर्यंत झटत राहिले. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. पण मराठी निबंध त्यांनी उभा केला तो वर्गाबाहेर, मासिकात. मासिक विकत घेणारा वाचक तेथे होता म्हणून हे साधले. कावेरीकाठी तो नव्हता.

तेथे जे टिकले ते कानाने शिकलेले. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर तंजावर कृष्ण भागवतर यांच्या तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही मराठी वृत्ते सुखाने नांदत होती. ती मराठी कीर्तनकारांकडून ऐकून घेतलेली. याउलट मोडी दफ्तराचा मजकूर कळावा म्हणून तंजावरच्या तमिळ विद्यापीठाला त्याचे तमिळ भाषांतर करवून १९८९ मध्ये तीन खंडांत छापावे लागले, आणि त्या मराठी कारकुनांनी काय लिहिले हे कुंभकोणम्‌च्या वाचकाला आज कळते ते त्या तमिळमधून.