करडई, तूप आणि डबा

निलंगा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथील काळ्या रानांत रब्बीला करडई येई व तेल्याचा लाकडी घाणा तिचें तेल काढी. तुपापुढें या तेलास कोणी प्रतिष्ठा दिली नाहीं; आमच्या मतें हा अन्यायच होय.

स्निग्ध पदार्थ हे ग्लिसरीन व मेदाम्लें यांचे संयोग आहेत, हें पॅरिसच्या शेव्रलनें १८२३ च्या ग्रंथांत मांडलें. पुढें क्लोद बर्नारनें स्वादुपिंडाच्या रसाचें कार्य ओळखलें. पित्त तेलाचे सूक्ष्म थेंब करतें, तो रस ते फोडतो, आणि फुटलेले अंश आंतड्याच्या भिंतींत पुन्हा जुळून लसीकावाहिन्यांच्या वाटेनें रक्तांत उतरतात. त्यांतून ऊर्जा मिळते, पेशींचीं आवरणें बनतात. १९३० साली अमेरिकेंतील बर दांपत्यानें उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, लिनोलिक आम्ल शरीर स्वतः बनवूं शकत नाहीं. करडईच्या तेलांत हेंच आम्ल सुमारें शेंकडा ७५ असतें!

तथापि १९३७ साली बाजारांत डालडा आला. तेलांत हायड्रोजन मिसळून तें थिजविण्याची ही युक्ति नॉर्मन या जर्मन रसायनज्ञाची. तिच्यांत ट्रान्स मेदाम्लें उपजतात, आणि तीं हृदयास घातक ठरलीं. भारतांत त्यांस शेंकडा २ ची मर्यादा पडली ती २०२२ साली. तोंवर निलंग्याच्या शिवारांत सोयाबीन पसरलें होतें. करडईला मजूर मिळेनात. काढणीच्या वेळीं तिचे कांटे हातांत रुततात.