पिरिडॉक्सिन आणि लेव्होडोपा : कंपवात-चिकित्सेतील एका जीवनसत्त्वाचा इतिहास

एखादे द्रव्य प्रथम उपाय म्हणून स्वीकारले जावे, पुढे अपायकारक म्हणून वर्ज्य ठरावे आणि अखेरीस त्याच्या अभावाचीच चिंता वैद्यांना पडावी, अशी उदाहरणे औषधशास्त्राच्या इतिहासात फारशी आढळत नाहीत. कंपवाताच्या, म्हणजेच जेम्स पार्किन्सन याने १८१७ साली वर्णिलेल्या विकाराच्या चिकित्सेत ब-६ या जीवनसत्त्वाची गती नेमकी अशी झाली. पूरक म्हणून घेतलेले जीवनसत्त्व हितकर की अहितकर, हा प्रश्न औषधाचा निर्देश न करता विचारताच येत नाही, हे या इतिहासावरून दिसून येते.

पॉल ग्यॉर्गी याने १९३४ मध्ये ब-६ जीवनसत्त्वाचे पृथक् अस्तित्व दाखविले. १९३८ मध्ये ते स्फटिकरूपात हाती आले व १९३९ मध्ये त्याचे संश्लेषणही साधले. तो काळच जीवनसत्त्वांच्या दिग्विजयाचा होता. बेरीबेरी, स्कर्व्ही, पेलाग्रा हे विकार केवळ आहारातील उणिवेने होतात हे सिद्ध झाल्यामुळे, ज्या ज्या रोगाचे कारण अज्ञात, त्या त्या रोगावर नवे जीवनसत्त्व योजून पाहण्याकडे वैद्यांचा कल होता. १९४० च्या सुमारास काही अमेरिकन वैद्यांनी कंपवाताच्या रुग्णांना पिरिडॉक्सिनची अंतःक्षेपणे दिली व स्नायूंचा ताठरपणा उणावल्याचे नोंदविले. इतरांना तो अनुभव आला नाही. यात नवल नाही. हा विकार प्रहराप्रहराला व मनःस्थितीप्रमाणे बदलतो, आणि तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट त्या प्रयोगांत नव्हता. उपाय मागे पडला. परंतु त्यापासून अपायही दिसला नसल्याने जीवनसत्त्वाची निरुपद्रवी म्हणून ख्याती मात्र अबाधित राहिली.

दुसरीकडे एक स्वतंत्र प्रवाह वाहत होता. बाझेल येथे मार्कुस गुगेनहाइम याने १९१३ साली एका जातीच्या घेवड्यातून लेव्होडोपा वेगळा केला. स्वतः अडीच ग्रॅम सेवन केल्यावर त्याला वांत्या झाल्या, एवढीच त्याच्या गुणाविषयी तेव्हाची नोंद. १९३७ मध्ये मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून तेच द्रव्य मिळविले. पुढच्याच वर्षी पेटर होल्ट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनी डोपाचे डोपामिनमध्ये रूपांतर करणारे एन्झाइम शोधले. आणि या एन्झाइमाला कार्य करण्यासाठी ब-६ जीवनसत्त्वापासून बनणारे पिरिडॉक्सल फॉस्फेट लागते, हे १९४० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. म्हणजे पुढे जे घडले त्याचे भाकीत करण्यास आवश्यक ते रसायनज्ञान वीस वर्षे आधीच ग्रंथांत उपलब्ध होते. परंतु डोपा हे तेव्हा औषधच नसल्यामुळे या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचण्याचे प्रयोजन कोणास पडले नाही.

ते प्रयोजन निर्माण होण्यास अवघे दशक पुरले. आर्विड कार्लसन याने १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चेष्ट झालेल्या सशांना डोपा देऊन पुन्हा हालते केले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर व होर्निकिएविच यांना मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची तूट आढळली. १९६१ मध्ये बिर्कमायर व होर्निकिएविच यांनी रुग्णांना शिरेवाटे लेव्होडोपा दिला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास याने तोंडावाटे मोठ्या मात्रेत डोपा देऊन टिकाऊ सुधारणा घडवून आणली. मात्रा मोठी लागे, कारण पोटात घेतलेल्या लेव्होडोपाचा बहुतांश मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच आतडे, यकृत इत्यादी ठिकाणी डोपामिन बनून जाई. आणि रक्त व मेंदू यांमधील अडसर डोपामिनला ओलांडता येत नाही. रुग्ण मळमळ सोशीत दिवसाकाठी कित्येक ग्रॅम औषध घेत.

या परिस्थितीत १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथील डुव्हॉइसिन, यार व कोते यांनी लेव्होडोपाने सुधारलेल्या रुग्णांना पिरिडॉक्सिन दिले असता त्यांचा ताठरपणा व मंदगती परत आल्याचे प्रसिद्ध केले. अनैच्छिक हालचालींसारखे औषधाचे उपद्रवही त्याबरोबर ओसरले. म्हणजे औषधाचा परिणामच सर्वांगाने पुसला गेला होता. मेंदूबाहेरील एन्झाइमाला अधिक सामर्थ्य मिळाल्याने लेव्होडोपा वाटेतच खर्ची पडत असला पाहिजे, हे स्पष्टीकरण सर्वमान्य झाले. दिवसाला १० ते २५ मिलिग्रॅम पिरिडॉक्सिन एवढ्यास पुरेसे होते. प्रौढाची दैनंदिन गरज दोन मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते हे ध्यानात घेता, अन्नातून धोका नव्हता. धोका होता तो शक्तिवर्धक म्हणून सहज घेतलेल्या गोळीत. वर्षानुवर्षे खिळून पडलेला मनुष्य चालू लागावा आणि अशा गोळीने पुन्हा खिळावा, ही घटना रुग्णाच्या घरी रोगाची वाढ म्हणूनच समजली जाणार. ब-६ वगळलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या त्या काळी मुद्दाम विक्रीस आल्या, त्या यामुळेच.

हा निषेध ज्या परिस्थितीत जन्मला, ती फार काळ टिकली नाही. मेंदूबाहेरील एन्झाइमाला रोखणारा, परंतु स्वतः मेंदूत न शिरणारा कार्बिडोपा लेव्होडोपासमवेत दिला असता मूळ मात्रेचा सुमारे चतुर्थांश पुरतो, असे दिसून आले. अमेरिकेत १९७५ पासून ही जोडगोळी प्रचारात आली. तिच्या समवेत पिरिडॉक्सिनचा विरोध जवळजवळ नाहीसा होतो, हेही १९७४ पर्यंत दाखविले गेले होते. तरीही जुना इशारा पुष्कळ काळ सांगितला जात राहिला. औषध बदलते त्या वेगाने त्याविषयीची ताकीद बदलत नाही.

कथेचे तिसरे वळण याहून विलक्षण आहे. कार्बिडोपा हे हायड्राझिन-वर्गातील द्रव्य असून ते पिरिडॉक्सल फॉस्फेटाशी बद्ध होते. क्षयरोगावरील आयसोनियाझिडची वृत्ती अशीच. त्यामुळे होणारा मज्जातंतूंचा विकार टाळण्यासाठी भारतातही त्यासोबत पिरिडॉक्सिन देण्याचा प्रघात आहे. हे साम्य ध्यानी येण्यास मात्र विलंब लागला. एकविसाव्या शतकात, विशेषतः लेव्होडोपा-कार्बिडोपाची लापशी नळीवाटे थेट आतड्यात सोडण्याच्या पद्धतीत, मात्रा मोठ्या झाल्या, तेव्हा रुग्णांत ब-६ ची तूट, हातापायांची बधिरता व क्वचित आकडीही आढळू लागली. अशा आकडीवर उपाय पिरिडॉक्सिनच. अर्थात ते मनसोक्त घेण्याची मोकळीक यातून मिळत नाही. दिवसाला काही ग्रॅम पिरिडॉक्सिन घेणाऱ्यांच्या संवेदी मज्जातंतूंना इजा होते, हे १९८३ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

इतर पूरकांचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. ई जीवनसत्त्वाची परीक्षा अमेरिका व कॅनडात ८०० रुग्णांवर झाली. १९९३ च्या अंतिम वृत्तान्तात लाभ दिसला नाही. को-एन्झाइम क्यू-१० चा ६०० रुग्णांवरील प्रयोग निष्फळ म्हणून थांबविण्यात आला व २०१४ मध्ये त्याचा निष्कर्ष छापला गेला. लोहाच्या गोळीची बाब निराळी: ते लेव्होडोपाशी आतड्यातच संयुक्त होऊन त्याचे शोषण घटवते, म्हणून दोहोंमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते.

राहिली खाजकुइली. आयुर्वेदातील ही कपिकच्छू १९७८ मध्ये अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत कंपवाताच्या रुग्णांवर योजून पाहिली, आणि २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर तिची तुलना प्रचलित औषधाशी करण्यात आली; दोन्हीकडे गुण दिसला. आज तिचे चूर्ण ‘पूरक’ या नावाने मिळते. वस्तुतः तिच्या बियांत शेकडा सुमारे तीन ते सहा भाग लेव्होडोपाच असतो, त्यामुळे वैद्याने दिलेल्या गोळ्यांसोबत ती घेणाऱ्याची एकूण मात्रा त्याच्याही नकळत वाढते. आणि तिच्यात कार्बिडोपा नसतो. केवळ हे चूर्ण आणि जोडीला ब-समूहाची गोळी घेणारा रुग्ण रसायनाच्या दृष्टीने १९६९ सालच्या रुग्णाच्याच शेजारी उभा आहे.