ज्या पुस्तकांचं गाईड निघालेलं नसतं

2000 सालचा शरद ऋतू. पॅरिसमधल्या द्रुआँ या उपाहारगृहात गोंकूर अकादमीच्या सदस्यांनी फ्रान्सचं सर्वांत मानाचं कादंबरी पारितोषिक जाँ-जाक शूल यांना जाहीर केलं. तीच नामांकित पुस्तकं त्या शरद ऋतूत देशभरातल्या शाळांमधली पंधरा ते अठरा वर्षांची मुलंही वाचत होती. त्यांचा कौल वेगळा पडला. त्यांनी आयव्हरी कोस्टच्या, सत्तरी ओलांडलेल्या आमादू कुरुमांची कादंबरी निवडली. लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या यादवीत हातात बंदूक आलेला बिराहिमा नावाचा पोरगा तिचा निवेदक आहे. आपलं सांगणं सगळ्यांना कळावं म्हणून तो जवळ चार शब्दकोश बाळगतो आणि अडलेल्या शब्दांचे अर्थ स्वतःच सांगत जातो. त्याला मत देणारी मुलं त्याच्याहून जेमतेम काही वर्षांनी मोठी होती.

या निवडीचं नाव ‘गोंकूर दे लिसेआँ’, म्हणजे लिसेतल्या विद्यार्थ्यांचं गोंकूर. लिसे हा शालेय शिक्षणाचा शेवटचा तीन वर्षांचा टप्पा; आपल्याकडची दहावी ते बारावी म्हटलं तरी चालेल. नामांकनांची यादी हाती घ्यायची, ठरल्या मुदतीत सगळी पुस्तकं वाचायची, त्यावर भांडायचं आणि शेवटी आपला निकाल द्यायचा, हा खेळ आज जगभरातली वाचकमंडळं इंटरनेटवर खेळतात. पण फ्रान्समध्ये 1988 पासून तो शाळेच्या वर्गात, शिक्षकांच्या देखत आणि सरकारच्या मान्यतेनं चालला आहे.

मूळ गोंकूर त्याहून कितीतरी जुनं. एदमाँ द गोंकूर हे लेखक 1896 मध्ये वारले. धाकटे बंधू झ्यूल, ज्यांच्यासोबत त्यांनी अनेक पुस्तकं लिहिली, आधीच गेले होते. एदमाँ यांनी आपली मालमत्ता दहा साहित्यिकांची अकादमी उभारण्यासाठी ठेवली आणि 1903 मध्ये पहिलं पारितोषिक दिलं गेलं. 1914 पासून अकादमीची बैठक द्रुआँमध्ये भरते. तिथल्या काट्या-सुऱ्यांवर सदस्यांची नावं कोरलेली असतात. विजेत्याला आज मिळतो तो 10 युरोंचा धनादेश. खरी कमाई पुस्तकांच्या दुकानांत होते, कारण गोंकूरची मोहोर उमटली की लाखो प्रती खपतात. म्हणूनच निवडीवर वादही तसेच होतात. 1919 मध्ये मार्सेल प्रूस्त यांना सहा विरुद्ध चार मतांनी पारितोषिक मिळालं, तेव्हा युद्धावरची कादंबरी लिहिणारे रोलाँ दोर्जेलेस डावलले गेले म्हणून वर्तमानपत्रांनी गहजब केला होता.

या दहा जणांच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल मांडलं गेलं ते पॅरिसपासून दूर, ब्रिटनी प्रांतातल्या रेन शहरात. पुस्तकं विकणारी फ्नाक ही दुकानसाखळी आणि तिथलं शिक्षण खातं एकत्र आलं, अकादमीनं आपली यादी वापरायला संमती दिली. दुकानदाराचा त्यात स्वार्थ होता, हे उघडच आहे. तरी त्या स्वार्थातून वर्गावर्गांत पुस्तकांचे संच पोचले. पहिल्या वर्षी मुलांनी एरिक ओर्सेना यांना निवडलं आणि योगायोग असा, की अकादमीचीही निवड तीच ठरली. 1995 मध्ये आंद्रेई माकीन यांच्याबाबत पुन्हा तसंच घडलं. असं एकमत क्वचितच होतं.

कामाची पद्धत अगदी नेटकी आहे. फ्रान्समध्ये ऑगस्टच्या अखेरीपासून शेकडो कादंबऱ्या एकदम बाजारात येतात. त्यांतून अकादमी सप्टेंबरच्या सुरुवातीला साधारण पंधरा पुस्तकं निवडते. तोच संच पन्नासेक वर्गांना मिळतो. सुमारे 2000 मुलं दोन महिन्यांत तो वाचून काढतात. त्यांत साहित्य शिकणारी असतात तशी शेतकी शाळांतली आणि व्यवसाय शिक्षण घेणारीही असतात. मधल्या काळात लेखक गावोगावी जाऊन त्यांना भेटतात, मुलं त्यांना तोंडावर प्रश्न विचारतात. मग प्रत्येक वर्ग आपल्या पसंतीची तीन पुस्तकं ठरवतो, एक प्रतिनिधी निवडतो, प्रतिनिधी आधी विभागाच्या बैठकीत आणि त्यांतले काही शेवटी राष्ट्रीय बैठकीत आपल्या पुस्तकाची बाजू मांडतात. मोठी माणसं त्या चर्चेत मत देत नाहीत.

यातली खरी गोम पुस्तकांच्या ताजेपणात आहे. अभ्यासक्रमातलं पुस्तक मुलाच्या हाती येतं तेव्हा त्यावर काय म्हणायचं हे आधीच ठरलेलं असतं. टीपा असतात, गाईड असतं, कोणत्या उत्तराला किती गुण हेही माहीत असतं. लेखक बहुधा हयात नसतो. इथे मात्र पुस्तक येऊन महिनाही उलटलेला नसतो. शिक्षकानंही ते आत्ताच वाचलेलं असतं, किंवा वाचायचं राहिलेलं असतं. सांगायला कोणाकडेच काही तयार नसतं, म्हणून वर्गात जे बोललं जातं ते प्रत्येकाचं स्वतःचं असतं. कंटाळा आला तर तसं म्हणता येतं. मात्र का आला, हे सांगावं लागतं.

विजेत्यांची यादी वाचली की एक शंका येते. मुलं विषयाला भुलतात का? युद्ध, वंशसंहार, अत्याचार, हरवलेलं बालपण पुन्हा पुन्हा दिसतं. 2016 मध्ये रॅपर गाएल फाय यांची बुरुंडीतल्या बालपणावरची कादंबरी निवडली गेली. अकादमीनं त्या वर्षी लेला स्लिमानी यांना पारितोषिक दिलं होतं. 2023 मध्ये मुलांनी नेज सिनो यांचं पुस्तक निवडलं. सावत्र वडिलांनी लहानपणी केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दलचं ते लेखन आहे, आणि दुःखाइतकाच ते सांगता कसं यावं याचाही त्यात कठोर विचार आहे. अशा पुस्तकावर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी आठवडेच्या आठवडे चर्चा करावी, यात विषयाचं आकर्षण असेलही, पण भाषेकडे दुर्लक्ष नाही. 2010 ची निवड तर या शंकेला सरळ उत्तर देते. त्या वर्षी मुलांना आवडली मातिआस एनार यांची छोटीशी, हळुवार कादंबरी: 1506 मध्ये सुलतानासाठी पूल बांधायला कॉन्स्टँटिनोपलला गेलेल्या मायकेलअँजेलोची कल्पित गोष्ट. अकादमीनं एनार यांना गोंकूर दिलं ते पाच वर्षांनी, 2015 मध्ये, दुसऱ्या कादंबरीसाठी. तसंच दाविद दियोप यांचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या सेनेगाली सैनिकांवरची त्यांची कादंबरी मुलांनी 2018 मध्ये निवडली, आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं 2021 मध्ये.

2020 ची निवड मात्र सर्वांत हृद्य आहे. करोनामुळे पुस्तकांची दुकानं बंद होती. दुकानं बंद असताना पारितोषिक द्यायचं नाही असं ठरवून अकादमीनं घोषणा लांबवली आणि 30 नोव्हेंबरला ती व्हिडिओवरून केली. द्रुआँचं टेबल त्या दिवशी रिकामं होतं. दोनच दिवसांनी मुलांचा निकाल आला: कॅमेरूनच्या जाइली आमादू आमाल यांची कादंबरी. ही कादंबरी 2017 मध्ये वेगळ्या नावानं याउंदेतल्या एका प्रकाशनानं आधी काढली होती. तीन स्त्रिया, लादलेली लग्नं, सवती, आणि प्रत्येकीला वडीलधाऱ्यांकडून मिळणारा एकच उपदेश: सोस. लेखिकेचं स्वतःचं लग्नही सतराव्या वर्षी तिच्या मनाविरुद्ध लावलं गेलं होतं. घरात अडकलेल्या त्या शरदात फ्रान्समधल्या सतरा वर्षांच्या मुली हे वाचत होत्या.

अकादमीच्या यादीवर परदेशातल्या विद्यार्थ्यांनी आपला कौल द्यायची प्रथा 1998 मध्ये पोलंडपासून सुरू झाली आणि मग अनेक देशांत पसरली. आता भारतातही फ्रेंच शिकणारे विद्यार्थी अशी निवड करतात. परक्या भाषेत कादंबरी वाचणं सावकाशीचं काम असतं. एकेका पानाला दोन-तीनदा शब्दकोश उघडावा लागतो, बिराहिमासारखाच.