दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना न्यायचं कुठं? वडीगोद्री परिसरातल्या पालकांसाठी माहिती

वडीगोद्री : गेल्या दोन-तीन वर्षांत राज्याला वडीगोद्री आणि शेजारची अंतरवाली सराटी ही नावं माहीत झाली ती उपोषणं आणि आंदोलनांमुळे. पण इथं राहणाऱ्या माणसाला आश्विन लागला की वेगळाच प्रश्न पडतो. शाळेची चाचणी झाली, सुट्ट्या तोंडावर आल्या, घरात तीन ते आठ वर्षांची दोन लेकरं आहेत आणि ती दिवसभर मोबाईल मागतात. मोठी माणसं पहाटेच कापूस वेचायला वावरात जातात. मग या पोरांना न्यायचं कुठं आणि करायला द्यायचं काय?

संभाजीनगरला मॉल आहेत, बागा आहेत. पण तिथं जाऊन यायचं म्हणजे एक दिवस आणि बऱ्यापैकी पैसे जातात. खरं तर लहान लेकराला तास-दीड तासाच्या पलीकडचा प्रवास झेपतही नाही. म्हणून या माहितीत फक्त तेवढ्या अंतरातलं किंवा गावातच होण्यासारखं घेतलं आहे.

आधी वेळेचं गणित

आपल्याकडे शरद ऋतूत सुट्टी असली तरी सवड नसते. सोयाबीनची काढणी, पहिली-दुसरी वेचणी आणि रब्बीची पेरणी हे सगळं दसरा ते दिवाळी या दिवसांतच येतं. त्यातच साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. ज्यांना ऊसतोडीला जायचं आहे ती घरं दसऱ्यानंतर उचल घेऊन तयारीला लागतात आणि दिवाळीच्या मागेपुढे गाड्या भरतात. अशा घरातल्या लेकरांसाठी गावातली हीच शेवटची मोकळी पंधरवड्याची वेळ असते. त्यांनी फिरण्याचा बेत दिवाळीनंतरवर ढकलू नये.

याच घरांसाठी आणखी एक काम आहे. स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या शाळकरी मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय असते. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. लेकरू आजी-आजोबांकडे राहणार असेल तर मुख्याध्यापकांना गाव सोडण्याआधी भेटा. गाडी निघायच्या आदल्या दिवशी विचारलं तर यादी पुढं गेलेली असते.

अंबडची मत्स्योदरी

सगळ्यात जवळचं आणि सगळ्यांना माहीत असलेलं ठिकाण हेच. टेकडीचा आकार माशासारखा म्हणून देवीचं नाव मत्स्योदरी. महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती अशी तीन रूपं इथं आहेत. अंबड होळकरांकडे होतं, त्यामुळे गावातल्या जुन्या बांधकामांशी अहिल्यादेवींचं नाव जोडलेलं आहे. नवरात्रात इथं मोठी यात्रा भरते.

लहान मुलांना घेऊन यात्रेत जावं का? आमचं मत, पाळणे आणि खेळणी दाखवायची असतील तर पहिल्या चार-पाच माळांना सकाळी लवकर जा. सप्तमी-अष्टमीच्या संध्याकाळी तीन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन पायऱ्या चढणं म्हणजे दोघांचेही हाल. नुसतं टेकडीवर चढायचं आणि वरून अंबड बघायचं असेल तर कोजागरीनंतरचा कोणताही साधा दिवस बरा. गर्दीत जाताना लेकराच्या खिशात नाव, गाव आणि मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चार वर्षांच्या पोराला आईचं नाव विचारलं तर ते “मम्मी” एवढंच सांगतं.

पैठण : धरण, पक्षी आणि माग

पाचोडमार्गे पैठणला गेलं तर दिवस सार्थकी लागतो. नाथसागराचं भूमिपूजन १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं आणि १९७६ मध्ये धरण पूर्ण झालं. सुमारे १० किलोमीटर लांबीची भिंत आणि २७ दरवाजे आहेत. मोठ्या माणसाला हे आकडे वाटतात, पण पोराला दरवाजे मोजायला सांगितलं की त्याचा अर्धा तास मजेत जातो. आपल्या शिवारातून जाणारा डावा कालवा इथूनच निघतो. कालव्याचं पाणी कुठून येतं हे एकदा डोळ्यांनी दाखवलं की शाळेतला तो धडा परत समजावावा लागत नाही.

जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेकडून चक्रवाक, तलवार बदक आणि थापट्या हे पाहुणे यायला लागतात, पट्टकादंब आणि रोहित मात्र थंडी वाढल्यावर जास्त दिसतात. एक गोष्ट लक्षात घ्या, धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी उथळ चिखलाच्या जागा पाण्याखाली जातात आणि पक्षी लांबवर विखुरतात. अशा वर्षी ऑक्टोबरमध्ये जाऊन “काहीच दिसलं नाही” म्हणण्यापेक्षा डिसेंबरात, पाणी थोडं ओसरल्यावर गेलेलं चांगलं. सकाळी नऊच्या आत पोहोचा. दुर्बीण नसली तरी चालते, मात्र लेकरांना लाल-पिवळे भडक कपडे घालू नका.

संत ज्ञानेश्वर उद्यान एकेकाळी मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेच्या सहलीचं ठिकाण होतं. नंतर त्याची बरीच पडझड झाली आणि दुरुस्तीच्या घोषणाही अनेकदा झाल्या. उद्यानाच्या भरवशावर लेकरांना शब्द देऊ नका, आधी पैठणमधल्या ओळखीच्या माणसाला फोन करून ते सुरू आहे का ते विचारा. नाथांचं समाधी मंदिर आणि पैठणी विणणारे माग मात्र हमखास बघायला मिळतात. मागावर बसलेला कारागीर रेशमाच्या धाग्यांतून मोर कसा काढतो हे पाच-सहा वर्षांचं पोरगं टक लावून बघतं. एका साडीला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात हे त्याला सांगा. विचारून आत जा आणि धाग्याला हात लावू देऊ नका.

येता-जाता पाचोडला मोसंबीचा बाजार लागतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि आंबे बहाराची फळं याच दिवसांत बाजारात असतात. ढिगाऱ्यातली मोसंबी हाताने निवडायला दिली तर पोरं खूश होतात.

जांब समर्थ

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १६०८ चा. परिसर शांत आहे, गर्दी कमी असते आणि आजी-आजोबा सोबत असतील तर हा बेत सोयीचा पडतो. एरवी लहान मुलांचं मन तिथं तासाभरापेक्षा जास्त रमत नाही.

गावातच करण्यासारखं

खरं सांगायचं तर लहान लेकरासाठी सगळ्यात चांगले कार्यक्रम घरातच आहेत, फक्त ते त्याच्या हातात द्यावे लागतात. घटस्थापनेला वावरातली माती आणायला त्याला सोबत न्या. धान्य त्यालाच पेरू द्या. रोज पाणी घालायचं काम त्याचं आणि अंकुर किती वाढला हे काडी लावून मोजायचंही त्याचंच. नऊ दिवसांत बी कसं उगवतं हे त्याला कळतं आणि खर्च शून्य.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याचं झाड शोधायला बांधावर जा. बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाच्या फांद्या विकतात. दोन्हींचं पान जोडपानासारखं दिसतं, पण आपट्याचं लहान आणि कांचनाचं मोठं असतं. हा फरक मुलांना लगेच कळतो. फांद्या न मोडता घरापुरती पानं तोडायची, एवढं बजावून सांगा.

वसुबारसेपासून दारात शेणाच्या गवळणी घालायची आपल्याकडची पद्धत आता कमी होत चालली आहे. काही घरी पाच दिवस घालतात, काही घरी फक्त पाडव्याला. गवळण, चूल, उखळ, जातं असं सगळं शेणातून वळायचं आणि वरून कुरडूची, झेंडूची फुलं खोचायची. बाजारातल्या मातीच्या खेळण्यांपेक्षा पोरं यात जास्त वेळ रमतात. हाताला जखम असेल तर मात्र शेणात हात घालू देऊ नका, आणि काम झाल्यावर साबणाने नीट हात धुवा.

संध्याकाळी पाच-साडेपाचला गावाबाहेर उसाच्या फडाजवळ उभं राहा. भोरड्यांचे थवेच्या थवे रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. शेतकऱ्याला ज्वारीच्या दिवसांत त्यांचा वैताग येतो ही गोष्ट वेगळी. शेपूट हलवत अंगणात फिरणारे धोबी पक्षीही याच सुमारास येतात. विजेच्या तारेवर नीलपंख दिसला तर तो उडेपर्यंत थांबा, निळे पंख तेव्हाच दिसतात.

इथं मात्र जपून

शहागडला गोदावरी बघायला बरेचजण लेकरांना घेऊन जातात. घाटावरून बघायला हरकत नाही. पात्रात उतरवू नका. वाळूच्या उपशाने नदीत जागोजागी खड्डे झाले आहेत आणि वरून पाणी घोट्याएवढं दिसलं तरी पुढच्या पावलाला ते डोक्यावर जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला तेव्हा गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं होतं. पाऊस लांबलेल्या वर्षी धरणाचे दरवाजे ऑक्टोबरातही उघडू शकतात, म्हणून निघण्याआधी विसर्गाची बातमी बघा.

कालव्याचं आवर्तन सुरू असताना काठावर खेळ नको. सिमेंटचा उतार शेवाळाने निसरडा होतो आणि पडलेल्या लेकराला वर चढताच येत नाही, ते पोहत असलं तरी. वावरात नेताना फवारणी केलेल्या कपाशीत त्याच दिवशी जाऊ देऊ नका, रिकामे डबे तर खेळायला मुळीच नकोत. गवतात आणि काढलेल्या सोयाबीनच्या ढिगाखाली घोणस, विंचू असतात, म्हणून पायात बूट हवेच. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, १०८ ला फोन लावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. दुपारी बारा ते तीन ऑक्टोबरचं ऊन मे महिन्यासारखंच लागतं, तेवढा वेळ सावलीत काढा.

सोलापूर-धुळे महामार्ग ओलांडणं ही तर रोजचीच डोकेदुखी आहे. लेकराचं मनगट धरा, बोट नाही. बोट सटकतं. आंदोलनाच्या काळात रस्ता बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करूनच घर सोडा.

एसटीने गेलं तर खर्च किती?

स्वतःची गाडी नसलेल्या घरांना एसटीच परवडते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, ५ ते १२ वर्षांपर्यंत अर्धं. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढच्यांना मोफत. म्हणजे आई, सत्तरीची आजी, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशा चौघांचं भाडं दीड तिकिटात भागतं. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. मुलाच्या वयावरून वाहकाशी वाद नको असेल तर त्याच्याही आधारचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. दिवाळीच्या चार दिवसांत गाड्या खच्चून भरलेल्या असतात आणि वडीगोद्रीच्या थांब्यावर जागा मिळेलच असं नाही, त्यामुळे पैठण किंवा अंबडचा बेत वसुबारसेच्या आधी उरका.