वन्यजीव छायाचित्रांचे संस्करण : सिंधुदुर्ग किनारा

टिपलेल्या छायाचित्राची चौकट कातरून (क्रॉप करून), पार्श्वभूमी विचारपूर्वक निवडून आणि जाणकारांकडून तपासून घेऊन ते अधिक बोलके व विश्वासार्ह करण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांचा किनारा आणि त्यामागचा आंबोली घाट यांपुरता केला आहे.

प्रदेश : सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किमी. किनारा आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौ. किमी. आहे. समुद्री गरुड, ब्राह्मणी घार, हिवाळी पाहुणे कुरव व चिखल्या, खाड्यांतील पाणमांजर, वायंगणी व तांबळडेगच्या वाळूत अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले कासवे आणि पावसाळ्यात आंबोलीचे बेडूक हे येथील छायाचित्रकारांचे नेहमीचे विषय.

पार्श्वभूमी : मागचा भाग किती धूसर होईल हे भिंगाचे नाभीय अंतर, ॲपर्चर, कॅमेऱ्यापासून प्राण्याचे अंतर आणि प्राण्यापासून मागच्या वस्तूचे अंतर यांवर ठरते. पुळणीवर उभे राहून चिखल्या टिपला की भिंग खाली झुकते आणि पक्ष्याला लागूनची वाळू कणाकणाने स्पष्ट येते. करड्या पाठीचा पक्षी तिच्यात हरवतो. कोपरे वाळूत टेकून भिंग पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणले, तर मागे दूरवरची फुटती लाट किंवा सुरूचे बन येते आणि पक्षी सुटा दिसतो. किनारा पश्चिमेचा असल्यामुळे सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूने वर येतो. तेव्हा समुद्राकडे तोंड केल्यास पक्ष्यावर समोरून प्रकाश पडतो. संध्याकाळी तोच पक्षी काळी आकृती होऊन उरतो. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहणेही तितकेच गरजेचे आहे, कारण सुकतीच्या वेळी चिखल्या दूर ओल्या वाळूवर पांगतात आणि भरती त्यांना माणसाच्या जवळ आणते.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असताना घारी व कुरव गोळा होतात. जाळी, होड्या आणि माणसे चौकटीतून वगळण्याकडे अनेकांचा कल असतो. मात्र मासळी, पक्षी आणि रापणकर यांचे नाते हाच तेथला खरा विषय असल्याने ते सारे चौकटीत असणे अधिक मोलाचे आहे. प्लॅस्टिकचे दोर व कचरा दाखवावा की टाळावा, याविषयी मतभेद आहेत.

आंबोलीत पार्श्वभूमी हा जवळजवळ पुरावाच असतो. २००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला आंबोली भेक (झँथोफ्राइन टायगेरिना) कातळावर राहतो. त्याच्या अंगावरचे पट्टे व ठिपके ओल्या जांभ्याशेजारी पाहिले म्हणजे त्या रंगांचा उपयोग कळतो. रात्री फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जातो. त्यामुळे जवळचा बेडूक उजळतो, मागचे रान काळे होते आणि अधिवास नाहीसा होतो. मागच्या पानांवर मंद प्रकाश टाकून किंवा आयएसओ वाढवून तो काही अंशी राखता येतो. बेडूक उचलून देखण्या पानावर ठेवण्याची पद्धत सर्वथा त्याज्य आहे. त्याच्या ओलसर त्वचेला इजा होते, शिवाय छायाचित्रातली जागा खोटी ठरते.

कातरणी : २४ मेगापिक्सेलच्या चित्रात ६००० × ४००० बिंदू असतात. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की ६ मेगापिक्सेल उरतात आणि इंचाला ३०० बिंदू धरून जेमतेम १० इंच रुंदीची छपाई निघते. कातरल्यावर चित्र मोठे करून पाहिले जाते, म्हणून मूळ धूसरपणा व दाणेही मोठे दिसतात. वेंगुर्ले रॉक्ससारख्या बेटांवर मात्र कातरणी हाच सभ्य मार्ग आहे. होडी जवळ नेल्यास घरट्यांवरचे पक्षी उठतात, अंडी उन्हात उघडी पडतात; त्यापेक्षा लांबून टिपून थोडे बिंदू गमावलेले बरे. पक्षी ज्या दिशेला पाहतो त्या बाजूला मोकळी जागा ठेवावी, शेपटी व प्रतिबिंब अर्धवट तोडू नये. हेलकावणाऱ्या होडीतून क्षितिज तिरपे येतेच. ते सरळ करताना कोपरे गळतात, म्हणून टिपतानाच कडेला जागा सोडावी.

डॉल्फिनची ओळखचित्रे : या किनाऱ्यावर मच्छीमार ज्याला गादा म्हणतात तो कुबडा डॉल्फिन उथळ पाण्यात नेहमी दिसतो. कोकण सिटेशियन रिसर्च टीम या संशोधकगटाने येथे त्याचा अभ्यास केला. २०१५ मध्ये कुणकेश्वर परिसरात निळ्या देवमाशांची नोंद झाली तीही याच गटाच्या कामातून. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराची मागची कड चिरा, खाचा व व्रणांमुळे प्रत्येकाची वेगळी असते. तिच्यावरून एकेक प्राणी ओळखण्याच्या पद्धतीत कातरणी, पार्श्वभूमी व परीक्षण तिन्ही एकत्र येतात. पर कॅमेऱ्याला काटकोनात हवा. जरा तिरका झाला तरी खाच बुजते. पाण्याची चकाकी कडेवर आली तर खोटी खाच दिसते, म्हणून सूर्य पाठीशी ठेवतात. डाव्या व उजव्या बाजूची चित्रे वेगळी लावतात, परापुरते कातरतात आणि मूळ फाइल न बदलता जपतात. जुळणी शक्यतो दोघांनी एकमेकांना न विचारता करायची असते. ओळख चुकून एकच डॉल्फिन दोन म्हणून नोंदला गेला तर संख्येचा अंदाज फुगतो, दोन वेगळे एक मानले गेले तर तो आक्रसतो. त्यामुळे अस्पष्ट चित्र कितीही नाट्यपूर्ण असले तरी गणतीतून बाद होते. छायाचित्रणातील शिस्त प्राण्याच्या थेट उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण या किनाऱ्यावर नाही.

परीक्षण : १९३७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांमुळे सॅलोन (स्पर्धात्मक प्रदर्शन) व सामूहिक चर्चेची प्रथा रुजली. फियाप, पीएसए व आरपीएस या छायाचित्रण संस्थांनी २०१५ पासून निसर्गचित्राची समान व्याख्या लागू केली. तिच्यानुसार कातरणी चालते, परंतु चौकटीतली वस्तू पुसणे किंवा बाहेरची आणून बसवणे चालत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ चे विजेते ठरलेले लांडग्याचे चित्र, तो प्राणी माणसाळवलेला असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष झाल्याने, जानेवारी २०१० मध्ये बाद करण्यात आले. स्थानिक पातळीवर चित्र मच्छीमारांनाही दाखवावे. गरुडाच्या नखातला मासा कोणता आणि तो कोणत्या हंगामातला, हे ते पटकन सांगतात.

पाण्याखालील छायाचित्रण : तांबडा रंग काही मीटरांतच शोषला जातो आणि गढूळ पाण्यातले कण फ्लॅशमध्ये चमकतात, म्हणून कातरण्याऐवजी जवळून, पण प्रवाळाला स्पर्श न करता टिपणे इष्ट.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात.