दारावरची चौकशी: पीएचपीने फॉर्म तपासायला कसे शिकले?

१/ रासमुस लेर्डोर्फ यांनी ८ जून १९९५ रोजी 'पर्सनल होम पेज टूल्स' जाहीर केली. यातूनच पीएचपी घडली. पुढील आवृत्त्यांत फॉर्मचा प्रत्येक रकाना आपोआप प्रोग्रॅममधील व्हेरिएबल बनू लागला. या सोयीचे नाव 'रजिस्टर ग्लोबल्स'.

२/ धोका सोयीतच दडला होता. 'प्रवेश मंजूर' अशा अर्थाच्या व्हेरिएबलला प्रोग्रॅमरने आरंभी किंमत दिली नसेल, तर पत्त्याच्या ओळीत ती स्वतः लिहून पाठवणारा परकाही आत शिरू शके.

३/ एप्रिल २००२ मध्ये ४.२.० आवृत्तीने ही सोय मुळात बंद ठेवली. तथापि असंख्य जुने प्रोग्रॅम तिच्यावरच उभे होते. ती समूळ निघाली मार्च २०१२ मध्ये, ५.४ आवृत्तीत.

४/ त्याच वेळी 'मॅजिक कोट्स'ही गेले. येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी ते उलटी तिरपी रेघ घालत. डेटाबेसचे रक्षण अपुरेच राही. ओ'ब्रायनसारखी आडनावे मात्र विद्रूप होत.

५/ दरम्यान नोव्हेंबर २००६ मध्ये, ५.२ आवृत्तीत, 'फिल्टर' हा विस्तार भाषेसोबतच मिळू लागला. ई-मेल, पूर्णांक, संकेतस्थळाचा पत्ता यांची घडण तो तपासतो. तो ई-मेल खरोखर कोणाचा आहे, हे मात्र तो सांगू शकत नाही.

६/ ब्राउझरमधील तपासणीला वळसा घालून मजकूर थेट सर्व्हरकडे धाडता येतो. म्हणून अखेरची चौकशी सर्व्हरवरच व्हावी लागते. सतरा वर्षांच्या या वाटचालीने पीएचपीला हेच शिकवले: आलेला मजकूर तपासल्याविना आपला मानू नये.